भावजींची मान

आमचे भावजी घाबरत नाहीत अशी या पृथ्वीच्या पाठीवर एकच जागा आहे, आणि ती म्हणजे दुसऱ्याचा कापलेला गळा. बाकी चराचरात जे जे म्हणून काही आहे त्याला ते घाबरतात. लिफ्टला घाबरतात, लिफ्ट बंद असली तर जिन्याला घाबरतात. प्रेशर कुकरला घाबरतात. सेक्टर सतराच्या प्लाझातली कबुतरं अंगावर येतील म्हणून खांबांच्या आडोशानं चालतात. फोन वाजला की दचकतात, आणि बराच वेळ वाजला नाही तर उचलून बघतात की बिघडला तर नाही ना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण भावजींच्या पाठी लागायचं म्हणजे ब्रह्मराक्षसालाही रांगेत उभं राहावं लागेल, इतकी तिथं गर्दी आहे.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. चंदीगडच्या एका मोठ्या इस्पितळात सर्जन आहेत, आणि तेही खास मानेचे. लोकांच्या गळ्यातल्या गाठी काढणं हे त्यांचं रोजचं काम. आम्ही मूळचे कराडकडचे. आमचे हे इथं विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायला आले, त्यांच्या मागोमाग भावजी आले, आणि लग्नाची भीती वाटते म्हणून एकटेच राहिले. माझे सासरे, ज्यांना हे दोघं अण्णा म्हणत, फार लवकर गेले. भावजी तेव्हा शाळेत होते. त्यांना वाढवलं ते यांनीच, त्यामुळे भावजींच्या तोंडी उठता बसता 'दादा' असतो. भावजींच्या विभागाच्या मोठ्या मॅडम पक्क्या पंजाबी आहेत. एकदा आमच्याकडे जेवायला आल्या होत्या तेव्हा पुरणपोळीवर तूप ओतून घेता घेता मला म्हणाल्या, "आपका देवर ना जी, चाकू हाथ में हो तो शेर है. चाकू रख दिया तो बिल्ली!" भावजी समोरच बसले होते. त्यांनी मान डोलावली, आणि तूप जपून खा असं त्यांनाच सांगितलं.

तर या वाघाची रोज सकाळी शेळी होते ती आरशासमोर. भावजींच्या मानेचं कातडं असं आहे की ब्लेड नुसतं लांबून दाखवलं तरी ते लाल व्हावं. म्हणून त्यांची दाढी ही दाढी नसतेच, एखादं व्रत असतं. आधी अंघोळ, मग दाढी, कारण केस भिजून मऊ झाले पाहिजेत. मग गरम पाण्यात पिळलेला पंचा मानेभोवती गुंडाळून गप्प बसायचं. मग केस कुठल्या दिशेला वाढतात ते बोटांनी चाचपून बघायचं. अहो, जन्मभर त्याच मानेवर त्याच बाजूला वाढणारे केस, पण त्यांनी रातोरात पक्ष बदलला असला तर काय घ्या! मग फेस. मग कोरं ब्लेड. दाब द्यायचा नाही, कातडं ताणायचं नाही, केस जातील तिकडंच ब्लेड न्यायचं, एकदा गेलेल्या वाटेनं पुन्हा जायचं नाही. मग गार पाणी, आणि शेवटी टॉवेलनं टिपायचं. "पुसायचं नाही वहिनी, टिपायचं. पुसणं वेगळं आणि टिपणं वेगळं." मी म्हटलं, "म्हणजे धुतलेली कोथिंबीर टिपते तसं का?" तर क्षणभर विचार करून गंभीरपणे म्हणाले, "तुम्हाला बरोबर कळलं." दाढीनंतर लावायच्या वासाच्या पाण्याचं तर त्यांच्यापुढं नावही काढायचं नाही, त्यात स्पिरिट असतं, आग होते, आग झाली की हात जातो, हात गेला की पुटकुळी. साधं, बिनवासाचं मलम लावायचं आणि दिवसभर सैल कॉलर. आमच्या लेकीला मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीतच येतं. सेक्टर चौतीसच्या क्लासला जाता जाता ती एकदा हा सोहळा बघून म्हणाली, "काका, शेव कर रहे हो या सर्जरी?" भावजी फेसातून म्हणाले, "सर्जरी सोपी असते गं बाळ."

ते खोटं बोलत नव्हते. मी एकदा विचारलं होतं, की रोज लोकांच्या माना उघडता, मग स्वतःच्या मानेला एवढं काय घाबरायचं? तर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला मान म्हणजे मान दिसते. मला आत काय काय आहे ते दिसतं." आता यावर काय बोलणार! एकदा हाताला लागलं होतं म्हणून सलूनमध्ये दाढी करून घ्यायला गेले. खुर्चीत बसले, त्या माणसानं वस्तऱ्यात नवं पातं घातलं, भावजींनी ते उजेडात धरून पाहिलं, इथवर ठीक होतं. मग त्याचा हात मानेशी आल्यावर भावजींनी त्याला अगदी प्रेमानं समजावून सांगायला सुरुवात केली, की भैया, इथं एक मोठी नस आहे, ती थेट मेंदूकडं जाते, तिला धक्का लागला तर आपल्याकडं फार थोडा वेळ असतो, आणि या बाजूला दुसरी आहे. तो बिचारा पंधरा-वीस वर्षं माना भादरत असेल, कधी त्याच्या मनात काही आलं नव्हतं. त्यानं वस्तरा मिटून फळीवर ठेवला आणि हात जोडून म्हणाला, "साहब, आप कहीं और करवा लो. मुझे भी घर जाना है." भावजी अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून घरी आले. तेव्हापासून त्या सलूनमध्ये भावजींना लांबून नमस्कार घालतात.

ओळख झाली की लोक चेहरा बघतात, भावजी कॉलरच्या वरची दोन बोटं बघतात. मराठी मंडळाच्या गणपतीला फौजेतली बरीच मंडळी येतात. तिथं एका तरुण कॅप्टनला भावजींनी आरतीच्या रांगेतच गाठलं. "तुम्ही उलटा हात मारता." कॅप्टन बावरला. उलटा हात म्हणजे केसांच्या विरुद्ध, खालून वर ब्लेड ओढणं. त्यानं दाढी तुकतुकीत होते आणि भावजींच्या मते माणसाचा सत्यानाश होतो. कापलेला केस आतल्या आत वळतो, कातड्यात रुततो, तिथं पुटकुळी धरते. "तीन दिवस मानेला ब्लेड लावू नका," भावजी म्हणाले. कॅप्टन म्हणाला, "सर, तीन दिवस दाढी नको म्हणजे मग नोकरीच नको." भावजींना त्या पोराची इतकी काळजी लागली की मोदक खाताना पण ते त्याच्या मानेकडंच बघत होते. भूल देणारे त्यांचे एक सरदारजी मित्र आहेत, त्यांचा मात्र ते मनापासून हेवा करतात. "तुम्हारा अच्छा है जी," असं उसासा टाकून म्हणतात, आणि सरदारजी दाढीवरून हात फिरवत खदखदून हसतात.

आणि आमचे हे म्हणजे अगदी दुसरं टोक. एक ब्लेड घेतलं की ते बोथट होऊन शरण येईपर्यंत सोडायचं नाही. पाणी लावलं तर लावलं. रेडिओ ऐकत खालून वर असे खराखरा हात मारायचे की स्वयंपाकघरात मला ऐकू यावं, आणि वर स्पिरिटवालं पाणी थापून 'हाऽऽ' करायचं. मान कायम लाल, कायम पुरळ. दर रविवारी भावजी नाश्त्याला आले की पोह्यांच्या आधी यांच्या मानेवर प्रवचन. "दादा, उलटा हात मारू नकोस रे." "तू गप, पोहे खा." "दादा, ब्लेड तरी बदल." "तुझ्या भीतीनं मी ब्लेडं बदलत बसू होय!" हे असं वर्षानुवर्षं चाललेलं. मला त्यात करमणूक होती, खोटं कशाला बोलू.

गेल्या थंडीतल्या एका रविवारी भावजी आले आणि नेहमीप्रमाणं सुरू झाले. यांच्या गळ्याला दोन नव्या पुटकुळ्या होत्या. "हे बघा वहिनी, याला म्हणतात..." एवढं म्हणाले, आणि तेवढ्यात यांनी चहाचा घोट घेतला. भावजींचं वाक्य तिथंच थांबलं. ते खुर्ची ओढून यांच्या समोर आले. "दादा, पुन्हा एक घोट घे." यांना वाटलं, पुटकुळ्यांचंच काहीतरी. घेतला. "आणखी एक." मग भावजींनी दोन्ही हातांची बोटं यांच्या गळ्यावर, कंठाच्या जरा खाली ठेवली आणि म्हणाले, "आता नुसती थुंकी गिळ." मी पोह्यांवर लिंबू पिळत होते. भावजींनी हात काढला, अगदी सहज म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याकडं ये, एक फोटो काढून घेऊ," आणि पोह्यांकडं वळले. कोथिंबीर छान आहे म्हणाले. पाल चुकचुकली तरी अर्धा तास बोलणारा माणूस, आणि आज एका शब्दानंही घाबरला नाही. त्या रविवारी भावजी घाबरले नाहीत, म्हणून मी घाबरले.

गाठ होती. सुई घालून तपासली, तर रिपोर्टात 'संशयास्पद' म्हणून आलं. म्हणजे धड हो नाही आणि धड नाही नाही. काढून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या, आणि ऑपरेशन मी करणार, देवर नाही, हेही त्यांनीच ठरवून टाकलं. मग घरात ती भीती राहायला आली. भावजींची भीती कशी, बोलकी, भांड्याला भांडं लागल्यासारखी वाजत असते, तिची सवय होते. ही मुकी होती. हे मुलांचे पेपर तपासत आणि मध्येच गळ्याला हात लावत. मी बघितलं की हात काढून घेत. रात्री दिवा मालवला की दोघंही झोपल्याचं सोंग करायचो. आवाज जाईल का, ही यांची भीती होती, शिकवणाऱ्या माणसाचं आवाजावरच तर पोट. माझी भीती कुठली होती ते सांगायला नको. मी देवापुढं उभी राहून काही मागायलासुद्धा धजत नव्हते, की मागितलं तर त्याच्या लक्षात येईल.

भावजींनी यांना एकच गोष्ट बजावली होती. "दादा, आता मानेला ब्लेड लावायचं नाही. दाढी वाढू दे. जिथं कापायचं तिथलं कातडं शांत पाहिजे. काय काढायचं ते तिथं आम्ही मशीननं काढू." हे बरं म्हणाले. दोनदा सांगितलं, दोनदा बरं म्हणाले. आणि ज्या दिवशी भरती व्हायचं त्या सकाळी, मी डबा आणि सतरंजी बांधत होते, तर न्हाणीघरातून खराखरा आवाज! मी पळत गेले तर हे नवा बनियन घालून, नखं कापून, गाल तुकतुकीत करून उभे, आणि तळहातावर स्पिरिटचं पाणी. "अहो, हे काय केलंत!" तर म्हणे, "चार मोठे डॉक्टर बघणार. दाढी वाढवून भणंगासारखा जाऊ? आई नेहमी म्हणायची, इस्पितळात जाताना माणसानं नीटनेटकं जावं." आता बोला! लग्नाला जाताना करावी तशी, गुळगुळीत लागेपर्यंत दोन-दोनदा उलटा हात मारून, कधीच्या त्या जुन्या ब्लेडनं. मी कपाळावर हात मारला. पण ते आरशात अजून एखादा केस राहिलाय का ते शोधत होते, ते पाहून मी पंचा त्यांच्या हातात दिला. आपल्या हातात काहीच उरलं नाही की माणूस दाढी तरी करतो.

दुपारी वॉर्डात पलंगावर बसेपर्यंत मान फुलून आली. जबड्यापासून गळ्याच्या खळीपर्यंत लाल पुरळ, आणि संध्याकाळी त्यातल्या काहींची तोंडं पांढरी. मॅडम फेरीला आल्या, चष्मा वर केला. "ये क्या है जी?" हे म्हणाले, "शेव किया." "क्यों किया?" मॅडमनी बोटानं एक पुटकुळी दाबून पाहिली आणि मान हलवली. पूवाल्या कातडीतून सुरी घातली तर तो पू आत जातो, ही जोखीम मी घेणार नाही, आधी चमडी शांत होऊ दे, घरी जा, असं म्हणाल्या. मागं भावजी उभे होते. आजवर दादासमोर त्यांचा आवाज कधी वर गेला नव्हता. ते सगळ्या वॉर्डासमोर ओरडले, "दादा, तुला अक्कल आहे का? एक गोष्ट सांगितली होती तुला, एक!" शेजारच्या पलंगावरचे म्हातारे सरदारजी उठून बसले. हे खाली मान घालून लहान मुलासारखे म्हणाले, "बरं दिसावं म्हणून केली रे." भावजी बाहेर निघून गेले. थोड्या वेळानं परत आले तेव्हा तोंड धुऊन आले होते, आणि सतरंजी त्यांनीच गुंडाळली.

त्याच संध्याकाळी भावजी पिशवी घेऊन आमच्याकडं राहायला आले. जानेवारीचं धुकं, खिडकीतून समोरचं झाड दिसत नाही अशी थंडी, आणि भावजींनी दादाचा मफलर काढून कपाटात कोंडला. लोकर नको, कॉलर नको, घासणारं काही नको. हीटर लावून यांना उघड्या गळ्यानं बसवलं. गार पाण्याच्या घड्या, टिपणं, त्वचेच्या डॉक्टरनं दिलेलं मलम अगदी हलक्या बोटानं, आणि त्यावर काही म्हणजे काही नाही. शेजारच्या आंटीजी वाटीभर दही घेऊन आल्या, गर्दन पे मल दो म्हणून. कराडहून नणंदेचा फोन, तुरटी फिरव. मी स्वतः चंदन उगाळायला बसले होते. भावजींनी दह्याची कढी करायला सांगितली, नणंदेला हो म्हणून फोन ठेवला आणि माझ्या हातातली सहाण काढून घेतली. उतू जाणाऱ्या दुधाकडं बघावं तसे ते यांच्या मानेकडं बघत बसत. खाज सुटून यांचा हात वर जायला लागला की "दादा!" आणि एरवी सगळ्या घराला दमात घेणारे हे, हात खाली घेत.

एका दुपारी हे झोपले होते तेव्हा मी भावजींना विचारलंच. मनात इतके दिवस तेच कुरतडत होतं. "भावजी, हे दिवस वाया चाललेत, तेवढ्यात आतलं काही पसरेल का हो?" ते घडी पिळत होते. म्हणाले, "डॉक्टर म्हणून विचारताय की भावजी म्हणून?" मी म्हटलं, "डॉक्टर म्हणून." "नाही. इतक्या दिवसांनी काही फरक पडत नाही. रोज पेशंटना सांगतो मी हे." "आणि भावजी म्हणून?" पिळून झालेली घडी पुन्हा पाण्यात बुडवली आणि पुन्हा पिळायला लागले. मी आत येऊन कणीक मळत बसले, भाकरीच करायची होती तरी.

पुरळ बसलं. लाली उतरली. मॅडमनी पुन्हा चष्मा वर करून पाहिलं आणि "हुण ठीक है" म्हणाल्या, म्हणजे आता हरकत नाही. ऑपरेशनच्या सकाळी मानेवरचे खुंट काढायला वॉर्डातला माणूस मशीन घेऊन आला, तर भावजींनी ते त्याच्याकडून मागून घेतलं. त्यांच्या हाताला जराही कंप नव्हता, हे मी मुद्दाम पाहिलं. ढकलगाडी आत गेली, भावजीही सवयीनं मागोमाग निघाले, आणि दारातच मॅडमनी अडवलं. "तुसी बाहर बैठो, डॉक्टर साब. आज तुम भाई हो." दार मिटलं आणि ते तसेच उभे राहिले. मी हाताला धरून बाकावर बसवलं. मग सुरू झाले. "आता भूल दिली असेल. आता कातडं उघडलं असेल. आता ती आवाजाची नस शोधतील, दोऱ्याएवढी असते वहिनी, गाठीला चिकटूनच असते, कधी कधी ती..." मी म्हटलं, "भावजी, गप्प बसता का जरा!" तर माझ्याकडं वळले, डोळे भरलेले. "मला भीती वाटतेय हो वहिनी. बाकीच्यांना आत काय चाललंय ते माहीत नसतं, ते देवाचं नाव घेत बसतात. मला सगळं माहीत आहे." मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, आणि फिरवला. मग पिशवीतले किन्नू, म्हणजे इकडची संत्री, काढून त्यांच्यापुढं ठेवले, सोला म्हटलं. त्यांनी सोलले. एकेका फोडीवरची शीरन् शीर काढून रुमालावर मांडत गेले. खायचं कुणाला होतं! पण ते सोलत होते तोवर बोलले नाहीत, आणि मीही मुकाट्यानं रामरक्षा पुरी केली.

मॅडम बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क खाली ओढत. "निकल गई पूरी. आवाज़ की नस सलामत है." असली वाक्यं भावजी स्वतः रोज त्याच दारात उभे राहून लोकांना सांगतात. पण ते उठले आणि त्या भरल्या कॉरिडॉरमध्ये, आपल्या हाताखालच्या पोरापोरींसमोर, मॅडमच्या पायांना हात लावायला वाकले. "ओए, पागल हो गया?" मॅडम मागं सरकत म्हणाल्या, आणि मग त्यांनीही त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मी मात्र तिथंच बाकावर बसून हमसून हमसून रडले, आणि मला कुणाची लाज वाटली नाही.

पुढं रिपोर्ट आला. गाठ वाईटच होती, पण वाइटांतली जरा ऐकणारी. पुरी निघाली होती. आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि अधूनमधून तपासणी. तपासणीचा दिवस जवळ आला की घरात पुन्हा कुणी जोरात बोलत नाही. ही भीती आता आमच्याकडंच राहणार, तिला घालवायचं कुठं!

यांचा आवाज जरा घोगरा झालाय, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो. एक मात्र झालं. व्रणाच्या वरचं कातडं बधिर आहे, तिथं काही लागलं तरी कळत नाही. कळेल हळूहळू, असं भावजी म्हणतात. पण ज्यांनी जन्मभर मानेवर कुदळ चालवली ते हे, आता आरशासमोर ब्लेड हातात घेऊन नुसते उभे राहायला लागले. म्हणून रविवारी सकाळी भावजी येतात आणि गच्चीत उन्हाला खुर्ची टाकून त्यांची दाढी करतात. गरम पंचा, बोटांनी चाचपणं, फेस, कोरं ब्लेड, सगळं यथासांग. दुसऱ्याची मान असल्यावर भावजींना काय भीती! परवा मी वाळवण बघायला गच्चीवर गेले तर दोघांची माझ्याकडं पाठ होती. मी दारातच थांबले.

"तुला पहिली दाढी मीच शिकवली होती," हे म्हणत होते. "अण्णा गेले त्या वर्षी."

"हो. त्यांच्याच वस्तऱ्यानं."

"मला तरी तेव्हा कुठं धड येत होती! उलटाच हात शिकवला असणार मी तुला."

भावजींनी फेसाचा ब्रश खाली ठेवला. "उलटाच."

"मग तेव्हा बोलला का नाहीस? मान सोलून घेत राहिलास ती! मोठा सर्जन झालास, घरादाराला दाढी शिकवलीस, पण हे कधी बोलला नाहीस मला."

"तुला वाटलं असतं, तुला जमलं नाही म्हणून."

"काय जमलं नाही?"

"अण्णा व्हायला," भावजी म्हणाले. "आणि तुला जमलं होतं, दादा."

यांचं डोकं मागं टेकलेलं, गळा उघडा, त्यावर ऊन. भावजींनी ब्लेड उचलून हवेतच धरलं.

"दादा, आवंढा गिळू नकोस. कापेल."

"मग लवकर आटप की रे," हे घोगऱ्या आवाजात म्हणाले.